डॉर्सी हेंगेमिल मुलाला मागे ठेवतो

बाल्टिमोरमध्ये दोन अनोळखी माणसं भेटली की एकमेकांचं नाव विचारायच्या आधी शाळा विचारतात. कॉलेजचं कुणाला काही पडलेलं नसतं. शाळा म्हणजे नववी ते बारावीची शाळा. ती कळली की आडनाव, चर्चमधला बाक, बायकोचं माहेर आणि माणूस कुणाच्या पराभवाने खूश होतो हे सगळं आपोआप कळतं.

डॉर्सी हेंगेमिल यॉर्क रोडवर गाद्यांचं दुकान चालवायचा. गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन अंदाज घेऊ लागलं की तो उशाशी उभा राहून हळूच विचारायचा, "शाळा कोणती?" सेंट ऑस्विन असं उत्तर आलं तर गादीबरोबर एक उशी तशीच मिळायची. हार्गेट हॉल असं आलं तर गादी घरी पोचायला आठवडाभर जास्त लागायचा.

तो स्वतः सेंट ऑस्विनचा. तिथल्या लॅक्रॉसच्या, म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या-फेकायच्या खेळाच्या, संघात तो तीन वर्षं होता. संघात होता म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकावर होता. शेवटच्या वर्षी हार्गेटविरुद्धचा सामना सेंट ऑस्विनच्या खिशात गेल्यावर, अगदी शेवटी, कोचने त्याला मैदानात सोडलं होतं. चेंडू त्याच्या बाजूला आला नाही. ही हकीकत तो पुढे तीस वर्षं सांगत राहिला आणि दरवर्षी सांगताना चेंडू थोडा थोडा जवळ येत गेला.

नशिबाने त्याला बायको मिळाली ती हार्गेटच्या घराण्यातली. पॉलेटचे वडील हार्गेटचे, काका हार्गेटचे, भाऊ कॅल्व्हर्ट तर हार्गेटच्या माजी विद्यार्थ्यांचा अध्यक्षच. वकील माणूस, त्यामुळे टोमणासुद्धा पुराव्यासकट मारायचा. नोव्हेंबरातल्या सणाला सगळे टर्की खायला एकत्र बसले की आंबवलेल्या कोबीचं भांडं डॉर्सीकडे सरकवत तो म्हणायचा, "घे रे. यंदाही बाकावर बसून भूक लागली असेल." टेबलावरचे सगळे हसायचे. डॉर्सीही हसायचा आणि कोबी जरा जास्तच वाढून घ्यायचा.

या माणसाला एकच मुलगा झाला, एमेट. पोरगं चणीने लहान, बोलायला कमी, आणि हाताने विलक्षण. गॅरेजच्या भिंतीवर तो तासन्‌तास चेंडू आपटायचा आणि परत येणारा चेंडू काठीच्या जाळीत असा अलगद घ्यायचा की आवाजसुद्धा यायचा नाही. त्याच्या जोडीला त्याची एक खोड होती. तो अभ्यास करायचा. चर्चच्या लहानशा शाळेत पहिला यायचा, लॅटिनमध्ये तर शिक्षकांच्या चुका दाखवायचा. डॉर्सीला त्याचं कौतुक होतं, पण कुणी त्याच्या गुणांची चौकशी केली की तो विषय बदलून त्याच्या डाव्या हाताकडे वळायचा.

आता, या शहरात कुठलीही खाजगी शाळा खेळाडू ओढत नाही. तसा नियमच आहे आणि सगळे तो पाळतात. कोच फक्त फिरायला बाहेर पडतात. फिरता फिरता तेरा-चौदा वर्षांच्या मुलांचे सामने चालू असतील त्या मैदानाशी पोचतात, आणि आलोच आहोत तर घटकाभर उभे राहतात. मुलाकडे बघत नाहीत, बापाकडे बघतात. बापाची उंची, आईचे खांदे, थोरल्या भावाचे गुडघे.

एमेट आठवीत असताना, शरद ऋतूतल्या एका स्पर्धेत, सेंट ऑस्विनचा कोच ब्रॅनॉक असाच फिरत फिरत डॉर्सीच्या शेजारी येऊन उभा राहिला. ब्रॅनॉकने बराच वेळ मैदानाकडे पाहिलं आणि विचारलं, "तुझा का तो? हात चांगले आहेत. वाढदिवस कधी असतो?"

"जूनमध्ये."

एक्स-रे बघून डॉक्टर गप्प होतात तसा ब्रॅनॉक गप्प झाला. मग म्हणाला, "जून. म्हणजे वर्गात लहानच पडतो. मी काही सांगत नाही हं डॉर्सी, मला सांगताच येत नाही. पण काही कुटुंबं मुलाला एक वर्ष भेट देतात."

ही भेट काय असते हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक बापाला माहीत होतं. मुलाला पुन्हा आठवीत बसवायचं. वर्षभरात तो उंच होतो, रुंद होतो, आणि नववीत जाईल तेव्हा समोरच्या लहान पोरांना कोपराने बाजूला सारतो. याला कुणी नापास होणं म्हणत नाही.

घरी पॉलेट मात्र तेच म्हणाली. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. "लोक माझ्याकडे येऊन विचारतात, पोरगं हुशार व्हायला काही गोळी आहे का," ती म्हणाली. "तू कसली गोळी मागणार आहेस?" डॉर्सीने तिला समजावलं की कोच स्वतःहून बोलला, तीस वर्षांत सेंट ऑस्विनचं कुणी त्याच्याशी स्वतःहून बोललं नव्हतं. ते ऐकून पॉलेटचा आवाज उतरला. नवऱ्याच्या वेडाची तिला चीड होती, पण त्याच्या मुळाशी काय आहे तेही ठाऊक होतं. मुलालाच विचार, असं म्हणून तिने अंग काढून घेतलं.

एमेटने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "मला चालेल," तो म्हणाला, "पण मॉम-मॉमला तू सांगायचंस." मॉम-मॉम म्हणजे आजी. डॉर्सीची आई, व्हर्ना. ते काम डॉर्सीने शेवटी ठेवलं आणि आधी शाळेत गेला.

मुख्याध्यापिका मिसेस टिल्डन यांनी त्याला बसवलं, चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "या खुर्चीत बसून आईबाप रडतात, हेंगेमिल. पोराला वरच्या वर्गात घाला म्हणतात. तुम्ही म्हणता ठेवा."

"हो. फक्त एक वर्ष."

"पण कशाच्या जोरावर ठेवू? गणितात पहिला. लॅटिनमध्ये पैकीच्या पैकी."

डॉर्सीने डोकं खाजवलं. "चित्रकला?"

"चित्रकला उत्तम आहे."

मग मिसेस टिल्डन म्हणाल्या की आपल्या शाळेत हे जमायचं नाही. पूर्वी एखादा बाप यायचा, यंदा तुम्ही पाचवे. ज्यांना हे हवं असतं ते शहराबाहेरच्या थॉर्नली अकॅडमीत जातात. तिथे आठवीचा वर्ग फार मोठा आहे. "सगळ्याच अर्थांनी," त्या म्हणाल्या.

व्हर्ना हायलंडटाउनमधल्या चाळवजा घरात राहायची आणि रविवारी सकाळी दारच्या संगमरवरी पायऱ्या ब्रशने घासायची. डॉर्सी एमेटला घेऊन गेला तेव्हा ती गुडघ्यांवर बसूनच होती. सगळं ऐकून तिने विचारलं, "काय केलं याने? कुणाला मारलं?"

"नाही गं मॉम."

"मग काही उचललं का?"

"तो वर्गात पहिला आलाय."

व्हर्नाने ब्रश बादलीत टाकला. ती स्वतः आठवीनंतर शाळा सोडून टोमॅटोच्या कॅनिंग कारखान्यात लागली होती, आणि आठवीपर्यंत शिकलेय हे ती आयुष्यभर अभिमानाने सांगत आली होती. आता तिच्या मुलाने येऊन सांगितलं की एक आठवी पुरत नाही. ती डॉर्सीशी बोललीच नाही. नातवाला म्हणाली, "हन, बाळा, तुला हे चालतंय?"

"मॉम-मॉम, सगळ्या परीक्षांची उत्तरं मला आधीच येतात," एमेट म्हणाला. "अशी संधी पुन्हा येणार नाही."

व्हर्नाने मग पायरी पुन्हा घासायला घेतली. डॉर्सी उभा होता तेवढी जागा तिने तशीच ठेवली.

थॉर्नली अकॅडमीत एमेट गेला आणि पहिल्या दिवशी त्याने विज्ञानाचे शिक्षक समजून ज्याला नमस्कार केला तो त्याच्याच बाकावरचा मुलगा निघाला. वर्गात मिशा होत्या. मधल्या सुट्टीत दाढी करणारे होते. पाच-सहा जणांच्या आयांनी मुलांसाठी गाडी लावायला जागा मागितली होती, कारण वर्ष संपायच्या आत ते गाडी चालवायच्या वयाचे होणार होते. धडे तेच, पुस्तकं तीच. शिक्षकही समजूतदार होते. कुणाला काही येत असेल तर आश्चर्य दाखवायचं नाही अशी तिथली पद्धत होती.

डॉर्सी मुलाला अंडी, मांस, दूध, शेंगदाण्याचं लोणी असं जे समोर येईल ते खाऊ घालू लागला आणि स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभं करून मोजू लागला. उंची जागची हलली नाही. वर्ष संपेपर्यंत पाय मात्र दोन मापांनी वाढले. पॉलेटला हसू आवरेना. डॉर्सीने त्यातही चांगलंच पाहिलं. इमारत बांधताना आधी पायाच घालतात, असं तो म्हणाला.

वर्षाच्या सुरुवातीलाच एक नवलाची गोष्ट घडली. सेंट ऑस्विनला हा मुलगा हवाय ही बातमी पसरली आणि त्यामुळेच तो हार्गेटलाही हवासा झाला. सप्टेंबरअखेर, खेकडे भरलेले असतात त्या दिवसांत, डॉर्सीने दरवर्षीप्रमाणे अंगणात टेबलावर वर्तमानपत्रं पसरून वाफवलेल्या खेकड्यांचा ढीग ओतला. कॅल्व्हर्ट आला, आणि त्याच्याबरोबर एक उंच, गोरापान, फार सभ्य माणूस आला. "हा माझा मित्र सेयर," कॅल्व्हर्ट म्हणाला. "याला खेकडे आवडतात." सेयर हार्गेटचा कोच होता हे टेबलाखालच्या मांजरालाही माहीत असावं.

सेयरने पहिला खेकडा फोडला न फोडला तोच कुंपणापाशी ब्रॅनॉक दिसला. हातात कुत्र्याचा पट्टा. तो राहायचा शहराच्या दुसऱ्या टोकाला. कुत्र्याला फिरवायला बारा मैल आला होता. डॉर्सीने त्याला आत बोलावलं. दोघे कोच समोरासमोर बसले, लाकडी हातोड्या घेऊन कवचं फोडू लागले आणि हवामानावर बोलू लागले. मधूनच सेयर म्हणे की हार्गेटचं नवं ग्रंथालय बघण्यासारखं आहे, मुलाला पुस्तकांची आवड आहे असं ऐकतो. ब्रॅनॉक म्हणे, आमच्याकडे लॅटिन फार चांगलं. लॅक्रॉस हा शब्द कुणी उच्चारला नाही. एमेट टेबलाच्या टोकाला बसून नांग्यांतलं मांस काढत होता. त्याच्याशीही कुणी बोललं नाही.

डॉर्सीला आयुष्यात पहिल्यांदा स्वर्ग दोन बोटं उरला. हार्गेटची माणसं त्याला नावाने हाक मारू लागली. कॅल्व्हर्टने त्या नोव्हेंबरात कोबीचं भांडं मुकाट्याने पुढे केलं. सेंट ऑस्विनच्या मुख्याध्यापकांनी, ज्यांना त्याचं आडनाव कधी धड घेता आलं नव्हतं, त्याला शाळा दाखवायला बोलावून खांद्यावर हात ठेवला आणि सोबतच्या पाहुण्यांना सांगितलं, "हेंगेमिल आपलेच. त्यांच्या काळात मैदानावरचा वाघ." वाघाने मान खाली घातली, पण नाही म्हणाला नाही. दोन्ही शाळांच्या टोप्या त्याने गाडीत ठेवल्या होत्या आणि कुठे चाललो आहे त्याप्रमाणे बदलायचा. निर्णय तो पुढे पुढे ढकलत राहिला. निर्णय झाल्यावर विचारणार कोण?

शेवटी पॉलेटनेच त्याला कोंडीत पकडलं. ती म्हणाली, "डॉर्सी, लग्न एमेटचं आहे. तू किती दिवस मांडवात मिरवणार?" मग जानेवारीत त्याने सेंट ऑस्विनला होकार कळवला. ब्रॅनॉकने फोनवर सांगितलं की हा माझ्या कारकिर्दीतला सर्वांत आनंदाचा दिवस आहे. डॉर्सीने ते वाक्य दुकानात येईल त्याला ऐकवलं.

मे महिन्यात ब्रॅनॉकने सेंट ऑस्विन सोडलं आणि तो हार्गेटचा कोच झाला. सेयर म्हणे दक्षिणेकडे कुठल्याशा कॉलेजात गेला. बातमी कॅल्व्हर्टने फोन करून दिली, आणि आवाजात आनंद येऊ नये म्हणून त्याने घेतलेले कष्ट डॉर्सीला ऐकू येत होते. डॉर्सीने त्याचं बोलणं ऐकून घेतलं आणि फोन मोकळा ठेवला. ब्रॅनॉक आता कधीही फोन करेल, असं त्याच्या मनात होतं. एमेटला तो बरोबर नेणार, आणि आपण नकार द्यायचा की होकार, यावर त्याने बराच विचारही करून ठेवला. ब्रॅनॉकने चार घरी फोन केल्याचं त्याच्या कानावर आलं. पाचवा फोन आला नाही.

तेव्हा त्याने स्वतःच केला. ब्रॅनॉक प्रेमाने बोलला, पॉलेटची चौकशी केली. डॉर्सीने आडून आडून विषय काढल्यावर म्हणाला, "डॉर्सी, मी कुणाला ओढू शकत नाही. तुला माहीतच आहे. नियम आहे."

डॉर्सी त्या दिवशी दुकानाच्या मागच्या खोलीत प्लास्टिक न काढलेल्या गादीवर बराच वेळ बसून होता. घरी गेल्यावर तो पॉलेटला म्हणाला की आपण पोराचं वर्ष घालवलं. पॉलेटला बोलायला खूप जागा होती. तिने त्याच्यापुढे जेवणाचं ताट ठेवलं.

सेंट ऑस्विनला लाँग आयलंडहून नवा कोच आला, लोगन नावाचा, तरुण आणि घाईचा. त्याने आपल्याबरोबर तीन मुलं आणली होती. तिघांचेही बाप अचानक बाल्टिमोरला नोकरीला आले होते. त्याने एमेटला खेळवून बघितलं, हातांची तारीफ केली, आणि कागदावरचं वय पाहून डॉर्सीला बाजूला घेतलं. मुलगा छान आहे, म्हणाला, पण नववीला हा जरा मोठाच आहे नाही का? यात आता वाढायला काय उरलंय? हल्ली कॉलेजवाले लहान मुलगा बघतात, त्याच्यात पुढची आशा असते.

एमेटची चार वर्षं तशी वाईट गेली नाहीत. तो दुसऱ्या फळीत खेळला. त्याच्याकडे काम होतं ते जमिनीवर सुटलेला चेंडू झडप घालून उचलायचा आणि ज्याला गोल करता येतो त्याच्याकडे द्यायचा. मोठ्या पायांचा त्याला उपयोग झाला. त्याला कुणी पाडू शकत नसे. उंचीही आली, बारावीत, जेव्हा कोच लोकांनी बघणं सोडून दिलं होतं. शेवटच्या वर्षी हार्गेटविरुद्ध त्याने चार खेळाडूंच्या पायांतून चेंडू उपसला आणि लाँग आयलंडच्या एका मुलाला दिला, त्याने गोल केला. सगळे त्या मुलाच्या अंगावर पडले. एमेट दूर उभा राहून काठीची जाळी तपासत होता. सामना हार्गेटने एका गोलने जिंकला. ब्रॅनॉकला खांद्यांवर घेऊन मिरवलं, आणि मिरवणाऱ्यांत थॉर्नलीच्या आठवीतला एक मिशीवाला होता.

डॉर्सीला त्या संध्याकाळी हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं. ते वाटेना म्हणून तो अस्वस्थ झाला. पॉलेटला म्हणाला, "त्याने चेंडू कसा काढला पाहिलंस?" ती म्हणाली की पाहिलं. गोल कुणी केला ते दोघांनाही आठवेना.

ऑगस्टमध्ये तो एमेटला कॉलेजात सोडायला निघाला. डोंगराकडचं सरकारी कॉलेज, लॅक्रॉससाठी कुणी जात नाही असं. एमेटला तिथे लॅटिन शिकवायचं शिक्षण घ्यायचं होतं. पॉलेटला दुकानातून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून दोघेच होते. फ्रेडरिक गाव मागे पडल्यावर डॉर्सीने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "ते थॉर्नलीचं वर्ष. फार कंटाळलास का रे?"

एमेटने जरा विचार केला. "वर्गात हो. पण मला ते वर्ष आवडलं."

"कशामुळे?"

"तू दुकानातून लवकर घरी यायचास. गॅरेजपाशी माझ्याबरोबर चेंडू खेळायला. आधीही कधी आला नव्हतास आणि नंतरही नाही."

डॉर्सीने गाडीचा वेग उगाच कमी केला. कोचला दाखवायला डावा हात तयार करायचा म्हणून तो तेव्हा लवकर घरी येत असे. ती वेळ मुलाने वेगळ्याच खात्यावर मांडली आहे, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्याला काहीतरी बरंसं उत्तर द्यायचं होतं. शेवटी म्हणाला, "डावा हात अजून थोडा कच्चाच आहे तुझा."

"माहितीये, डॅड," एमेट म्हणाला.

वसतिगृहासमोर त्यांनी सामान उतरवायला घेतलं. पांघरुणं काढली तर त्यांच्याखाली काठी निघाली, टॉवेलात गुंडाळलेली. एमेटने ती घरी मुद्दाम ठेवली होती, अगदी पलंगाखाली. त्याने बापाकडे पाहिलं. डॉर्सी डोंगराकडे बघत होता.

"डॅड, इथे संघच नाही."

"मी कुठे काय म्हणतोय? जागा होती म्हणून टाकली."

एमेटने काठी हातात घेतली, एकदा फिरवली, आणि खोलीत गेल्यावर खिडकीच्या कडीला अडकवून तिच्यावर ओला टॉवेल टाकला. टॉवेल वाळत घालायला बरी आहे, म्हणाला. डॉर्सीने पुढे होऊन टॉवेल उचलला, काठी उलटी केली आणि मग टॉवेल पुन्हा घातला.

"जाळी बाहेरच्या बाजूला ठेव," तो म्हणाला. "आत ठेवलीस तर ओल धरते."